कर्जात अडकलेल्या कुटुंबाचा सल्लागार होताना: महाराष्ट्रातल्या स्वयंसेवकांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

नवे स्वयंसेवक एक चूक हमखास करतात. पहिल्याच बैठकीत उपाय सांगून मोकळे होतात. ‘सोनं मोडा आणि ॲपचं कर्ज फेडून टाका.’ ‘सगळी कर्जं मिळून एकच मोठं कर्ज काढा.’ ‘हप्ता भरूच नका, काय करतील?’ कुटुंब आधीच घाबरलेलं असतं. समोरचा माणूस ठामपणे बोलतोय म्हटल्यावर ते तसंच करतं. पुढे कळतं की घरात आणखी एक कर्ज होतं आणि ते कुणी बोललंच नव्हतं. तोवर सोनं गेलेलं असतं.

या कामात हुशारीपेक्षा क्रम महत्त्वाचा आहे. आधी ऐकायचं, मग कागद गोळा करायचे, मग कर्जांची पूर्ण यादी करायची, मग घरखर्च मांडायचा, मग कुणाला किती द्यायचं ते ठरवायचं. देणेकऱ्यांशी, म्हणजे ज्यांचं देणं आहे त्यांच्याशी, बोलणी त्यानंतर. आकडे पूर्ण होईपर्यंत सल्ला द्यायचा नाही, हा नियम मी कुणासाठीही मोडत नाही. तुम्हीही मोडू नका.

## टप्पा १: पहिल्या कुटुंबाला भेटण्याआधीची तयारी

एकट्याने हे काम सुरू करू नका. तुमच्या भागातली एखादी सामाजिक संस्था, बचत गटांचा संघ, कामगार संघटना किंवा अग्रणी बँकेचं (जिल्ह्यासाठी नेमलेल्या मुख्य बँकेचं) आर्थिक साक्षरता केंद्र शोधा आणि त्यांच्यामार्फत काम करा. कारण साधं आहे. कुटुंबाचे कागद ठेवायला सुरक्षित जागा लागते, अडलं तर विचारायला अनुभवी माणूस लागतो, आणि उद्या एखाद्या देणेकऱ्याने ‘तू कोण विचारणारा?’ असं म्हटलं तर पाठीशी संस्था असावी लागते.

सुरुवातीच्या बैठकांत अनुभवी सल्लागाराशेजारी नुसतं बसा. बोलू नका, टिपणं घ्या. समोरचा माणूस कोणत्या प्रश्नाला थबकतो, नवरा-बायको एकमेकांकडे कधी बघतात, हे नुसतं बसल्यानेच दिसायला लागतं.

स्वतःसाठी चार मर्यादा लेखी ठरवून ठेवा:

- कुटुंबाचे पैसे हातात घेणार नाही. हप्ता भरायलाही नाही.
- ओटीपी, एटीएम पिन, पासवर्ड विचारणार नाही आणि कुणी सांगितला तर लिहून ठेवणार नाही.
- स्वतः उसने देणार नाही आणि जामीन राहणार नाही.
- नातेवाईक, जवळचे शेजारी किंवा ज्यांच्याशी पैशाचा व्यवहार आहे अशांचं प्रकरण दुसऱ्या स्वयंसेवकाकडे देणार.

तुम्ही विमा एजंट असाल, कर्ज मिळवून देण्यावर कमिशन घेत असाल किंवा एखाद्या पतसंस्थेच्या संचालक मंडळावर असाल, तर ते संस्थेला आधीच सांगा. अशा माणसाने हे काम करूच नये असं मी म्हणणार नाही. पण ज्या कुटुंबाशी त्याचा धंदा आहे, त्याचं प्रकरण त्याने घेऊ नये.

तपासा: तालुका विधी सेवा समिती, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, सहकार खात्याचं सहायक निबंधक कार्यालय आणि जवळचं पोलीस ठाणं यांचे पत्ते तुमच्या वहीत आहेत का? विधी सेवेचा १५१००, सायबर फसवणुकीसाठीचा १९३०, महिलांसाठीचा १८१ आणि मानसिक आधारासाठी टेली-मानसचा १४४१६ हे क्रमांक पाठ हवेत.

## टप्पा २: पहिली भेट फक्त ऐकण्यासाठी

भेट शक्यतो संस्थेच्या जागी ठेवा. घरी गेलात की शेजारपाजारी विचारतात आणि कुटुंबाची लाज चव्हाट्यावर येते. सुरुवातीलाच तीन गोष्टी सांगा: सल्ला मोफत आहे, इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, आणि निर्णय शेवटी त्यांचाच असेल.

मग एकच प्रश्न विचारा: ‘आत्ता सगळ्यात जास्त भीती कशाची वाटतेय?’ उत्तरात रकमेचा उल्लेख क्वचितच येतो. वसुलीवाला मुलाच्या शाळेबाहेर उभा राहतो, कर्जाच्या गटातल्या बायका दारात येऊन बसतात, सासऱ्यांना अजून काही माहीत नाही. हे टिपून घ्या, कारण पुढे प्राधान्य ठरवताना त्याचा उपयोग होतो.

नवरा-बायकोला एकदा एकत्र आणि एकदा वेगवेगळं भेटा. बायकोच्या नावावर गटाचं कर्ज आणि पैसे नवऱ्याने वापरलेले, ही स्थिती वारंवार दिसते. एकत्र बसल्यावर ती सांगेलच असं नाही. उलट नवऱ्याने मित्राकडून घेतलेले हातउसने बायकोला ठाऊक नसतात. त्यांतली लपवलेली गोष्ट तुम्ही परस्पर दुसऱ्याला सांगायची नाही. सांगायला मदत करायची.

सावधान: ‘आता जगून काय करायचं’ अशा अर्थाचं काही कानावर आलं तर विषय बदलू नका. ‘जीव द्यायचा विचार मनात येतो का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. त्या दिवशी अंदाजपत्रक बाजूला ठेवा, १४४१६ वर तिथूनच फोन लावून द्या, घरातल्या विश्वासाच्या माणसाला त्यांच्या संमतीने बोलवा आणि त्यांना एकटं सोडू नका.

## टप्पा ३: कागदांची जमवाजमव

दुसऱ्या भेटीला येताना काय आणायचं याची चिठ्ठी लिहून द्या. तोंडी सांगितलेलं अर्धं विसरलं जातं. आणायचे कागद: सगळ्या बँक खात्यांची सहा महिन्यांची उतारापत्रकं, कर्जांची मंजुरीपत्रं, मायक्रोफायनान्सची (छोट्या विनातारण कर्जांची, बहुधा गटामार्फत घेतलेल्या) हप्त्यांची कार्डं, पतसंस्थेचं कर्ज पासबुक, सोनेतारणाच्या पावत्या, भाडेकरार, वीजबिल, पगारपत्रक आणि आलेल्या सगळ्या नोटिसा. न फोडलेली पाकिटंही आणा, हे आवर्जून सांगा. ती हमखास असतात. भीतीने कपाटात टाकलेली असतात, आणि मुदतीची नोटीस नेमकी त्यातच सापडते.

क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे नावावरच्या कर्जांची आणि परतफेडीची नोंद, काढायला लावा. देशात चार पतमाहिती कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल मोफत मिळतो. मायक्रोफायनान्सची कर्जं असतील तर एका अहवालावर थांबू नका, दोन-तीन काढा. अहवालात न ओळखीचं कर्ज दिसलं तर ते त्यांच्या नावावर दुसऱ्याने काढलेलं असू शकतं, किंवा ते कुणाला तरी जामीन राहिलेले असतात आणि विसरून गेलेले असतात. जामीनदाराची जबाबदारी भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार मूळ कर्जदाराइतकीच असते. म्हणून ‘मी फक्त सही केली होती’ हे वाक्य ऐकलं की ते कर्ज यादीत घ्या.

पण अहवालात सगळं दिसत नाही. सावकार, भिशी, दुकानाची उधारी, नातेवाइकांचे उसने आणि मालकाकडून घेतलेली उचल यांतलं काहीच तिथे नसतं. ते विचारूनच काढावं लागतं, आणि एकदा विचारून पुरत नाही.

तपासा: ज्या कर्जदाराचा मृत्यू झाला आहे त्याच्या कर्जासोबत विमा उतरवला होता का? मंजुरीपत्रात किंवा पहिल्या कपातीत विम्याचा हप्ता दिसतो. विधवा बाई वर्षभर हप्ते भरत राहते आणि दावा कुणी केलेलाच नसतो. वारसांची जबाबदारी त्यांना मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते, हेही इथेच समजावून सांगा. वारस स्वतःच सहकर्जदार किंवा जामीनदार असेल तर मात्र हा बचाव चालत नाही.

## टप्पा ४: कर्जांची यादी

एका मोठ्या कागदावर रकाने आखा: कुणाचं कर्ज, कुणाच्या नावावर, मूळ रक्कम, आजची बाकी, व्याज, मासिक हप्ता, किती हप्ते थकले, तारण काय, जामीनदार कोण, कोरा चेक किंवा स्टॅम्प पेपर दिला आहे का, कायदेशीर नोटीस आली आहे का. शेवटचे दोन रकाने नवे स्वयंसेवक सोडून देतात. तेच सगळ्यात महत्त्वाचे आहेत.

व्याजदर एकाच मापात आणा. ‘शेकडा तीन’ म्हणजे महिन्याला ३ टक्के, वर्षाला ३६. फ्लॅट दराने सांगितलेलं व्याजही फसवं असतं. १,००,००० रुपये २४ महिन्यांसाठी १२ टक्के फ्लॅट दराने घेतले, तर एकूण १,२४,००० भरावे लागतात आणि हप्ता सुमारे ५,१६७ रुपये बसतो. घटत्या शिल्लकीवर मोजलं तर हा दर वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो, कारण मुद्दल दर महिन्याला कमी होत असूनही व्याज पूर्ण रकमेवर लावलेलं असतं. बँका आणि वित्तसंस्थांनी १ ऑक्टोबर २०२४ पासून दिलेल्या नव्या किरकोळ कर्जांना ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणं बंधनकारक आहे. त्यात सर्व शुल्कं धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. तो कागद मिळाला तर हिशेबाची निम्मी मेहनत वाचते.

यादी झाली की प्रत्येक देणेकऱ्यापुढे तो कुणाच्या देखरेखीखाली येतो ते लिहा. इथे फार चुका होतात, म्हणून थोडं थांबून सांगते.

बँक आणि बिगर-बँक वित्तसंस्था रिझर्व्ह बँकेखाली येतात. मायक्रोफायनान्स कंपन्याही त्यांतच. कर्ज देणाऱ्या ॲपमागेही अशी नोंदणीकृत संस्था असायला हवी. तिचं नाव सापडत नसेल तर ते ॲप बेकायदा समजून पुढचा विचार करा. पतसंस्था मात्र सहकार खात्याखाली येते, म्हणून तिच्याविरुद्धची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (बँक-वित्तसंस्थांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) पाठवून काही होत नाही. ती सहायक किंवा उपनिबंधकाकडे जाते. खासगी सावकाराला महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ लागू होतो आणि त्याच्याविरुद्ध दादही सहकार खात्याच्या याच कार्यालयांत मागायची असते. बचत गटाचं अंतर्गत कर्ज हा गटाचा आपापसातला व्यवहार आहे. तिथे तक्रारीआधी बैठक घ्यावी.

सावधान: यादी करताना ‘हे कशाला घेतलं?’ असं विचारू नका. कारण समजून घ्यायचंच असेल तर ‘तेव्हा घरात काय चाललं होतं?’ असं विचारा.

## टप्पा ५: घराचं अंदाजपत्रक

उत्पन्नापासून सुरुवात करा. रोजंदारी, रिक्षा, शिवणकाम, हंगामी शेतमजुरी अशी कमाई असेल तर सरासरी काढू नका. सहा महिन्यांतल्या कमी कमाईच्या महिन्यांचा आकडा धरा. सरासरीवर बेतलेली हप्त्यांची कबुली पहिल्याच वाईट महिन्यात मोडते, आणि एकदा मोडलेल्या कबुलीनंतर देणेकरी दुसऱ्यांदा ऐकत नाहीत.

मग खर्च. मासिक खर्च बहुतेकांना सांगता येतात. वर्षातून एकदा येणारे खर्च मात्र विसरले जातात: शाळा सुरू होतानाची वह्या-पुस्तकं, सण, गावी जाणं, पावसाळ्याआधीची घराची डागडुजी, विम्याचा हप्ता, घरपट्टी. त्यांची वर्षाची बेरीज करून बाराने भागा आणि तो आकडा मासिक खर्चात मिळवा. माझ्या मते अंदाजपत्रक कोलमडण्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे. जूनमध्ये शाळेचा खर्च येतो, पैसे नसतात आणि पुन्हा ॲप उघडलं जातं.

एक उदाहरण घेऊ. समजा चौघांच्या कुटुंबाचं कमी महिन्यातलं उत्पन्न २५,००० रुपये आहे. भाडं ५,०००, किराणा-भाजी-दूध ७,०००, वीज-गॅस-पाणी १,८००, शाळा १,५००, प्रवास १,७००, औषधं १,०००, फोन ५०० मिळून १८,५०० होतात. वार्षिक खर्चांचा मासिक वाटा १,५०० धरला की २०,०००. उरले ५,०००. त्यातले ५०० अडीअडचणीसाठी बाजूला ठेवले, तर कर्जांसाठी ४,५०० रुपये राहतात. मागणी मात्र अशी आहे: दोन मायक्रोफायनान्स कर्जांचे हप्ते २,४०० आणि २,१००, पतसंस्थेचा ३,५००, ॲपचा ३,०००, एकूण ११,०००.

रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार मायक्रोफायनान्स कर्ज देताना कुटुंबाच्या सगळ्या कर्जांची मिळून मासिक परतफेड उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त जाता कामा नये. या कुटुंबासाठी ती मर्यादा १२,५०० येते. म्हणजे नियमात सगळं बसतं, आणि तरी घर चालवून ११,००० देता येत नाहीत. ‘नियमात बसतं म्हणजे झेपायलाच हवं’ असं वसुली अधिकारी म्हणतो तेव्हा हा फरक कागदावर दाखवा.

खर्च कापायची वेळ आली तर यादी कुटुंबाच्या हातात द्या आणि त्यांनाच ठरवू द्या. चहा, मोबाइल रिचार्ज, मुलांचा खाऊ यांवर भाषण देऊ नका. त्यातून महिन्याला दोनशे-तीनशे वाचतील आणि माणूस पुढच्या भेटीला येणार नाही. मोठे आकडे बघा: न वापरलेलं वाहन, दुप्पट विमा, न परवडणारी भिशी. तसंच उत्पन्नाच्या बाजूने काही मिळतं का तेही पाहा. रेशन कार्ड चालू आहे का, मुलांच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरला का, निवृत्तिवेतन अडकलं आहे का.

तपासा: अंदाजपत्रकाची बेरीज कुटुंबाने स्वतः करून पाहिली का? तुम्ही भरलेलं पत्रक तुमचं असतं. त्यांच्या हाताने भरलेलंच ते पाळतात.

## टप्पा ६: आधी कुणाचं द्यायचं

जो जास्त ओरडतो त्याला पैसे आधी जातात. हे उलटवणं तुमचं मुख्य काम आहे. न दिल्याने काय गमावलं जाईल, यावर क्रम लावा.

सर्वांत आधी भाडं, वीज, धान्य, औषध, शाळा. हे कर्ज नाही, पण हे थांबलं तर बाकी काही टिकत नाही.

त्यानंतर तारण असलेली कर्जं. गृहकर्ज, पोट भरणाऱ्या रिक्षाचं कर्ज, सोनेतारण. सोन्याच्या लिलावाची नोटीस आली आहे का ते पाहा. तारीख जवळ असेल तर निदान व्याज भरून मुदत मागता येते का, हे त्याच दिवशी विचारायला पाठवा. गृहकर्जाचे हप्ते ९० दिवसांहून जास्त थकले की खातं अनुत्पादक (एनपीए) ठरतं आणि बँक सरफेसी कायदा, २००२ (कोर्टात न जाता तारणावर वसुली करू देणारा कायदा) याच्या कलम १३(२) खाली ६० दिवसांची नोटीस देऊ शकते. त्या ६० दिवसांत लेखी हरकत पाठवली तर बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. शेतजमिनीला हा कायदा लागू होत नाही.

मग कायदेशीर टप्प्यावर आलेली कर्जं. पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवते. दाखला निघाला की जप्तीचा मार्ग खुला होतो आणि जामीनदारही त्यात सापडतो. लोक १०१ च्या सुनावणीला जातच नाहीत, आणि ही फार महाग पडणारी चूक आहे. दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज (निर्णय वरच्या अधिकाऱ्याकडून पुन्हा तपासून घेण्याचा अर्ज) करायचा तर वसुलीच्या रकमेपैकी ५० टक्के आधी भरावे लागतात. म्हणून जे म्हणायचं ते सुनावणीतच, लेखी म्हणायला लावा. चेक न वटल्याची नोटीस आली असेल तर ती मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम देण्याची मुदत असते. त्यानंतर फौजदारी तक्रार होऊ शकते.

शेवटी विनातारण कर्जं: क्रेडिट कार्ड, वैयक्तिक कर्ज, ॲप. यांचे फोन सर्वांत जास्त येतात, तरी जागा शेवटचीच.

सावधान: कायदेशीर कागद आला की तुमचं काम तो वकिलापर्यंत पोहोचवण्याचं आहे. अर्थ लावत बसू नका. महिला, तसंच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

## टप्पा ७: देणेकऱ्यांसमोर प्रस्ताव

आपल्या उदाहरणात सोन्या-घराचं तारण नाही आणि कायदेशीर नोटीसही नाही, म्हणून ४,५०० रुपये बाकीच्या प्रमाणात वाटता येतात. दोन मायक्रोफायनान्स कर्जांची बाकी प्रत्येकी ३०,०००, पतसंस्थेची ६०,०००, ॲपची ३०,०००, एकूण १,५०,०००. दर शंभराला तीन रुपये पडतात. म्हणजे ९००, ९००, १,८०० आणि ९००. प्रत्येक देणेकऱ्याला दिसतं की दुसऱ्याला झुकतं माप दिलेलं नाही, आणि त्यामुळे नकार देणं त्याला अवघड जातं.

गटकर्जाच्या बाबतीत एक पायरी आधी करावी लागते. कंपनीला पत्र देण्याआधी गटातल्या इतर बायकांशी बोलायला हवं. हप्ता कमी पडला की दबाव त्यांच्यावर येतो. त्यांना अचानक कळलं तर त्याच सर्वांत कडक वसुली करतात. आधी सांगितलं तर बऱ्याचदा त्या सोबत उभ्या राहतात.

पत्र कुटुंबाच्या सहीने, एका पानाचं. परिस्थिती का बदलली ते दोन ओळींत, अंदाजपत्रक सोबत जोडून, दरमहा किती देऊ शकतो, किती महिन्यांनी पुन्हा आढावा घेऊ, आणि दंडशुल्क थांबवण्याची विनंती. बँका आणि वित्तसंस्थांना हप्ता चुकल्याबद्दल व्याजदरात दंडव्याज मिळवता येत नाही, वाजवी दंडशुल्कच लावता येतं. त्या शुल्कावर पुन्हा व्याजही चढवता येत नाही. खातेउताऱ्यात ते तपासा. पत्राच्या स्थळप्रतीवर (आपल्याकडे राहणाऱ्या प्रतीवर) पोच शिक्का घेतल्याशिवाय परत यायचं नाही. फोनवरची कबुली धरू नका.

प्रस्ताव मान्य होईपर्यंतही ठरलेली रक्कम भरत राहायला सांगा. आणि खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता आधी बघा. पगार जमा झाला की पूर्ण हप्ता उचलला जातो आणि भाड्याला काही उरत नाही. खात्यात पैसे नसतील तर खात्याची बँक आणि कर्ज देणारी संस्था, दोन्हीकडून शुल्क बसतं. कर्ज देणाऱ्या बँकेतच पगार जमा होत असेल तर ती बँक थकबाकी त्यातून वळती करू शकते. घरखर्चाचं खातं वेगळ्या बँकेत ठेवणं इथे उपयोगी पडतं.

एकरकमी तडजोडीचा (कमी रक्कम एकदम घेऊन कर्ज मिटवण्याचा) प्रस्ताव समोरून आला तर घाई नको. आधी तडजोडीचं पत्र, मग पैसे, तेही फक्त कर्ज खात्यात. एजंटच्या वैयक्तिक खात्यात किंवा हातात कधीच नाही. आणि क्रेडिट रिपोर्टमध्ये ते कर्ज ‘सेटल्ड’ (तडजोडीने मिटवलेलं) असं दिसेल, ‘क्लोज्ड’ (पूर्ण फेडलेलं) असं नाही, हे सही करण्याआधी स्पष्ट सांगा. काही कुटुंबांना तरीही तडजोडच योग्य असते. पण ती समजून केलेली हवी.

सावधान: जुनी कर्जं फेडायला नवं कर्ज काढण्याचा सल्ला तुम्ही देऊ नका. कुटुंब स्वतः म्हणालं, तरी आधी नवा हप्ता अंदाजपत्रकात बसवून दाखवा. बहुतेक वेळा तो बसत नाही.

## टप्पा ८: छळ, ॲप आणि सावकार

वसुलीचे फोन आणि भेटी यांना वेळेची मर्यादा आहे. बँक-वित्तसंस्थांच्या थकित कर्जासाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. मायक्रोफायनान्ससाठी ही वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ६ आहे, आणि वसुली दोघांनी मिळून ठरवलेल्या जागी व्हायला हवी. कर्जदार लागोपाठ दोन किंवा अधिक वेळा तिथे आला नाही, तरच कर्मचारी घरी किंवा कामाच्या जागी येऊ शकतो. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना किंवा शेजाऱ्यांना त्रास देणं हे कोणत्याही वेळी नियमबाह्य आहे.

कुटुंबाला नोंदवही ठेवायला लावा: तारीख, वेळ, क्रमांक, काय बोलले. मग आधी त्या संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. ही पहिली पायरी गाळली की तक्रार परत येते, आणि असं फार वेळा घडतं. मारहाण किंवा धमकी असेल तर मात्र ३० दिवस थांबायचं नाही. थेट पोलीस ठाणं.

डिजिटल कर्ज देणाऱ्या ॲपला फोनमधले संपर्क आणि छायाचित्रं चाळण्याची मुभा नाही. बदनामीची किंवा छायाचित्रांत फेरफार करण्याची धमकी आली तर स्क्रीनशॉट जपा, १९३० वर कळवा. घाबरून पैसे पाठवले की मागणी वाढते, हे कुटुंबाला आधीच सांगून ठेवा.

सावकाराच्या बाबतीत पहिला प्रश्न: परवाना आहे का? सहायक निबंधक कार्यालयात कळतं. परवानाधारक सावकाराला राज्य शासनाने ठरवलेल्या दरापेक्षा जास्त व्याज लावता येत नाही. शेतकऱ्यांसाठी तारणी कर्जावर वर्षाला ९ आणि विनातारणी कर्जावर १२ टक्के; इतरांसाठी अनुक्रमे १५ आणि १८. म्हणजे ‘शेकडा पाच’ने पैसे देणारा, परवाना असो वा नसो, कायद्याबाहेर आहे. कोऱ्या स्टॅम्प पेपरवर सही, कोरे चेक, कर्जाच्या बदल्यात जमिनीचं खरेदीखत असं काही दिलं असेल तर ते तक्रारीत ठळकपणे यायला हवं.

पण तक्रार करायची की नाही हे कुटुंबाने ठरवायचं. सावकार त्याच गल्लीत राहतो, त्यांना तिथेच राहायचं असतं. तुम्ही स्वतः त्याच्याकडे जाऊन जाब विचारू नका. तुम्ही परत जाल आणि राग कुटुंबावर निघेल. कायदा काय देतो, काय धोका आहे, दोन्ही सांगा. तक्रार करायचं ठरलं तर अर्ज लिहायला आणि कार्यालयात सोबत जायला मदत करा.

## टप्पा ९: पाठपुरावा आणि प्रकरण बंद करणं

पहिले तीन महिने दर महिन्याला भेटा, तेही पगार झाल्यावर लगेच. आधी ठरलेलं पाळलं का ते विचारू नका. आधी महिना कसा गेला ते विचारा. अंदाजपत्रक पहिल्या महिन्यात चुकतंच. कुठे चुकलं ते शोधून आकडे बदला. भेटीला आले नाहीत तर एक फोन करा, मग एक निरोप ठेवा, आणि थांबा. पाठलाग करणारी माणसं त्यांच्या आयुष्यात पुरेशी आहेत.

एखादं कर्ज फिटलं की बेबाकी दाखला (काही देणं उरलं नसल्याचा दाखला) घ्यायला लावा. दिलेले कोरे चेक परत घ्या, आपोआप कापल्या जाणाऱ्या हप्त्याचा आदेश रद्द करा. तारण ठेवलेली मालमत्तेची मूळ कागदपत्रं बँकेने आणि वित्तसंस्थेने पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत परत द्यायची असतात. त्यांच्या चुकीमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. काही आठवड्यांनी क्रेडिट रिपोर्ट पुन्हा काढून नोंद बदलली का ते बघा.

प्रकरण बंद करताना सगळे मूळ कागद कुटुंबाला परत करा आणि त्याची सही घ्या. तुमच्या फोनमध्ये घेतलेली त्यांच्या कागदांची छायाचित्रं पुसून टाका. संस्थेकडे राहणाऱ्या टिपणावर पुढच्या संपर्काची तारीख लिहा. जूनचा शाळाखर्च आणि एखादा मोठा सण यांच्या महिनाभर आधीची तारीख ठेवली तर वेळेवर बोलणं होतं.